कावळ्याच्या मापाचा ब्लाऊज

वन्सं, तुमच्या मशीनपाशी बसून लिहिते आहे. पाय पायडलवर आहे, मधूनच नकळत दाबला जातो आणि दोरा नसलेली सुई उगाच खालीवर होते. आज रविवार. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, पाण्याची बाटली, भडंगाची पुडी, कात्री, दोऱ्याचं रीळ. सई अजून उठलेली नाही. रविवारी ही पोरगी दूधवाल्याच्या आधी उठते आणि माझ्या उशाशी येऊन नाकाला नाक लावते. आज भिंतीकडं तोंड करून पडली आहे. झोपली आहे की सोंग आहे, कळत नाही. मी मघापासून सारखी आत जाते, बघते, परत येते.

आज ती माझ्याबरोबर बाहेर येणार की नाही, एवढंच मला कळायला हवं आहे. उठवून विचारलं आणि 'न्हाई' म्हणाली तर? म्हणून विचारत नाही. चहा परत गरम केला, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. तुमचा भाऊ पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, अगं बस की जरा. मग बसले ती इथं येऊन बसले.

तुम्ही गेल्यापासून घरात जे चाललंय त्यातलं निम्मं तुम्हाला मुळीच आवडलं नसतं. तेव्हा पहिल्यापासून सांगते. मध्ये बोलू नका.

कावळ्याचं तुम्ही आधीच बजावून ठेवलं होतं. कुणाच्या तरी ब्लाऊजला हूक लावत बसला होतात, ओठांत दोरा होता. म्हणालात, "मी मेल्यावर कावळ्यापायी उन्हात उभी ऱ्हाऊ नगा. त्येला भूक लागली की त्यो येतोय, पोट भरल्यालं असलं की येत न्हाई. त्यात माझा काय संबंध?" आम्ही हसलो. आईंनी कानावर हात ठेवले. तेव्हा तुम्ही धडधाकट होता, बोलणं सोपं होतं. पुढं साध्या तापाचं निमित्त झालं आणि तुम्ही खरंच गेलात. रक्षाविसर्जनाच्या सकाळी आई नैवेद्याचं करायला बसल्या, तेव्हा 'त्या नको म्हणाल्या होत्या' असं त्यांच्या तोंडावर सांगायची कुणाची छाती झाली नाही. माझी तर नाहीच. याबद्दल मी तुमची माफी मागणार नाही, वन्सं. आईंना समोर बसवून पटवायचं काम तुमचं होतं. ते तुम्हाला आयुष्यभर जमलं नाही आणि आमच्याकडून अपेक्षा.

तर पंचगंगेकाठी केळीच्या पानावर भात ठेवला, भडंग ठेवलं, कांदाभजी ठेवली, तुमच्याच कपातून कडक चहा ठेवला. गोड तुम्हाला चालत नव्हतं तरी कुणीतरी पेढा ठेवलाच. कावळे होते, नव्हते असं नाही. झाडावर रांगेनं बसून आमच्याकडं बघत होते. खाली कुणी येईना. मग सुरू झालं. तुमचा भाऊ हात जोडून म्हणाला, आईला अंतर देणार नाही. कावळे ढिम्म. आई म्हणाल्या, तुझी मशीन कुणाला देणार नाही. ढिम्म. शेजारच्या काकूंनी, शिवायला दिलेल्या कापडाचं मनात ठेवू नका, आम्ही बघतो, म्हणून सांगितलं. भावकीतल्या एकानं तुमच्या न झालेल्या लग्नाचा विषय काढला, त्यावर होते त्यातले दोन कावळेही उडून गेले.

ऊन चढत होतं. सई माझ्या कडेवर. पाच वर्षांची पोर, माझी कंबर मोडून आली होती. आणि त्या शांततेत ती खणखणीत आवाजात म्हणाली, "आता रविवारी मला कोण न्हेणार?" सगळ्यांनी वळून बघितलं. मी वैतागून, अगदी वैतागूनच म्हणाले, "मी न्हेतो की गं बाई. दर रविवारी न्हेतो. आता गप ऱ्हा."

आणि कावळा आला. भाताकडं त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. भजी उचलली आणि गेला.

आईंनी डोळ्याला पदर लावला. आली गं माझी बाय, म्हणाल्या, पोरीसाठी अडली हुती. माझं डोकं तुमच्यासारखंच म्हणत होतं की कावळ्याला भूक लागली असेल, दुसरं काही नाही. पण अंगावर काटा आला तो आलाच. आणि चारचौघांत, नदीकाठी, शब्द देऊन बसले होते. कडेवरच्या पोरीनं त्यातलं काय उचललं ते मात्र त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही.

रविवार हा माझा झोपेचा दिवस होता, तुम्हाला माहीतच आहे. बाकीचे सहा दिवस कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी, सकाळी बस पकडायची आणि अंधार पडता घरी यायचं. रविवारी तुम्ही सईला आंघोळ घालून, घट्ट वेणी घालून घेऊन जायचात ते जेवणाच्या वेळेला आणून सोडायचात. कुठं गेला होता ते मला तिच्या फ्रॉकच्या खिशावरून कळायचं. बाभळीच्या शेंगा निघाल्या की ओढ्याकाठी. उसाच्या पाल्याची भिंगरी निघाली की कुणाच्या तरी मळ्यात. कधी आंब्याची कोय दगडावर घासून केलेली पिपाणी, ती सई दिवसभर माझ्या कानापाशी वाजवायची. कधी मक्याच्या सालीची बाहुली, कणसाच्या केसांचा अंबाडा घातलेली. तुमच्या रिकाम्या रिळांची रेल्वे तर घरभर पसरलेली असायची आणि नेमकी माझ्याच पायाखाली यायची.

एकदा आईंनी विचारलं, दोघी कुठं निघालाय? सई म्हणाली, शेवटच्या थांब्याला. तिथं काय हाय? "तितं बस वळतीया." आईंना वाटलं पोरगी काहीतरी बरळते आहे. मलाही तसंच वाटलं. तुम्ही मात्र गंभीर चेहऱ्यानं मान हलवलीत आणि चपला घातल्या.

आत जाऊन आले. कूस बदलली आहे. पांघरूण डोक्यावरून घेतलं आहे. म्हणजे जागी आहे की काय?

आपलं त्या खोक्यावरून वाजलं होतं ते आठवतं? तिच्या वाढदिवसाला मी घर बनवायचा संच आणला होता. सगळे तुकडे आधीच कापलेले, कुठं काय चिकटवायचं त्याचे आकडे घातलेले, तयार घराचा फोटो झाकणावर. तुम्ही चष्मा लावून तो पुढून मागून बघितलात आणि म्हणालात, ह्यात पोरीनं करायचं काय ठेवलंय? मग तुकडे काढून ठेवून तुम्ही दोघींनी त्या खोक्याची बस केली. बटणांची चाकं, लाल अस्तराच्या सीटा. मी तुमच्याशी बोलणं टाकलं. मी बोलत नाही हे तुम्हाला कळलंच नाही, त्याचा मला जास्त राग आला. माझं म्हणणं अजूनही तेच आहे, वन्सं. पोरीला आकडे बघून चिकटवायलासुद्धा आलं पाहिजे, शाळेत सगळं तसंच असतं. यावर तुमचं काहीतरी उत्तर असणार होतं. आता तुम्ही बोलत नाही म्हणून माझं खरं झालं असं काही होत नाही, आणि तेच सारखं डोक्यात घोळतं.

आणि एक सांगून टाकते. सई पडली की 'आत्ती' म्हणून ओरडायची. मी शेजारी उभी असले तरी. ते मला टोचायचं. आणि रविवारची झोपही सोडवत नव्हती. दोन्ही खरं आहे.

पहिल्या रविवारी मी मोहीमच काढली. टोपी, छत्री, डबा, हात पुसायचे ओले कागद, जास्तीचा फ्रॉक. स्कूटर काढली तर सई पायरीवर फतकल मारून बसली. आत्ती स्कूटरनं नेत नव्हती. बरं, बसनं जाऊ. थांब्यावर पहिली आलेली बस मी सोडली, कारण ती कुठं जाते ते मला माहीत नव्हतं. सई म्हणाली, आत्ती पहिल्या बसमधीच बसायची. पुढची आली तिच्यात चढलो, सईनं खिडकी धरली. कंडक्टरनं विचारलं, कुठं? मी म्हणाले, शेवटचा थांबा. असं तिकीट मागायची मला लाज वाटली, त्याला काही वाटलं नाही. त्यानं सईला ओळखलं होतं. "आज मावशी न्हाई आल्या व्हय?"

मी पर्समध्ये सुटे पैसे शोधायला लागले. तेवढ्यात सईनं बाहेर तारेकडं बोट केलं. "ती काय. पुढं आलीया." तारेवर कावळा बसला होता. कंडक्टर हसला आणि मागं गेला. मी तिकिटं हातात धरून तशीच बसून राहिले. नदीकाठी आज्जी काय म्हणाली आणि त्या वेळी भजी कुणी नेली, हे पोरीनं एकाला एक जोडून ठेवलं होतं. तिची आत्ती कावळा झाली होती आणि आमच्या पुढं पुढं उडत होती.

शेवटच्या थांब्यावर उतरलो. बस खरंच वळते, वन्सं. मागं पुढं, मागं पुढं करते, धूळ उडते, कंडक्टर मागं उभा राहून हात मारतो, आणि सई त्याच्या शेजारी उभी राहून ओरडते, येऊ दे, येऊ दे, येऊ दे. एवढ्यासाठी तुम्ही तिला घेऊन इतक्या लांब यायचात. मला हसू आलं. हसता हसता रडू आलं. मग तोंडाला रुमाल लावून मी धुळीवर ढकललं.

तेव्हापासून आमचे रविवार सुरू झाले आणि कावळ्याचं प्रकरणही. रंकाळ्यावर कणीस घेतलं की पहिले दाणे सोलून कठड्यावर ठेवायचे. कावळा आला की सई त्याला दटावायची, आत्ती, आधी हात धू. वाक्य तुमचंच, सूरही तुमचाच. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीच्या धारेखाली पेला धरून दूध पितात, तिथं ती आपल्यातलं थोडं मुद्दाम खाली सांडायची आणि म्हशीवाल्याची बोलणी खायची. आईंना तर आधारच मिळाला. त्या रोज गच्चीवर भात ठेवतात आणि घरातलं सगळं तुमच्या कानावर घालतात, माझ्या तक्रारी धरून. तुमचा भाऊ म्हणतो, लहान आहे, विसरेल आपोआप.

मला मात्र चैन पडत नव्हतं. कामावर हिशेब जुळवताना, जेवताना, भाजी निवडताना सारखं तेच. कारण ही गोष्ट तुम्ही घटकाभरही चालू दिली नसती. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं कुत्रं मेलं, तेव्हा मी सईला सांगितलं होतं की ते गावाला गेलं. तुम्ही माझ्यासमोर तिला म्हणालात, मेलं ते, आता यायचं न्हाई. ती रडून रडून झोपली. मी तुमच्यावर चिडले. एवढ्याशा जिवाला काय सांगायचं याला काही धरबंध आहे की नाही? तुम्ही कात्री खाली ठेवलीत. "खोटं सांगितलंस की त्ये रोज सांभाळाय लागतंय, अश्विने. कुत्र्यापरास जास्त." सकाळी उठून सईनं मातीचं कुत्रं केलं, कान मोडका, आणि दुकानदाराला नेऊन दिलं. त्यानं ते अजून काउंटरवर ठेवलंय. तरी तुमचं बरोबर होतं असं मी तेव्हा म्हणाले नाही, आताही पुरतं म्हणणार नाही. ती झोपेत हुंदके देत होती ते मी बघितलंय.

पण सईला कावळ्याबद्दल खरं न सांगायचं माझं कारण दयेचं नव्हतंच. कावळा काढून घेतला तर रविवार उरेल का, याची मला भीती होती. ती माझ्याबरोबर येत नव्हती, वन्सं. ती तुम्हाला भेटायला येत होती. मी आपली तिकीट काढणारी.

मग तिला ब्लाऊज सुचला. सगळ्या गल्लीचे ब्लाऊज आत्तीनं शिवले, आता आत्तीचा कोण शिवणार? मी टाळायला बघितलं, आज नको, पुढच्या रविवारी, पण पुढचा रविवारही आला. तुमचं चिंध्यांचं बोचकं सोडलं. सईनं हिरव्या खणाची चिंधी निवडली. माप कसं घ्यायचं? गच्चीवर भात खायला आलेल्या कावळ्याकडं एक डोळा बारीक करून तिनं टेपवर बोट ठेवलं आणि म्हणाली, छाती एवढी. मला बटण लावण्यापलीकडं काही येत नाही. मी कापायची आणि ती नाक मुरडायची, काखेपाशी मुंढा खोल गेला म्हणायची. हा शब्द तिला कधी आला? बाह्या नकोत असं ठरलं, पंखांना अडचण होईल. पाठीला हूक लावायचा तर तिचं बोट माझ्या बोटावर, आणि सुई दोघींनाही टोचली. सगळा रविवार त्यात गेला. स्वयंपाक आईंनी केला, कुरकुर न करता केला. संध्याकाळी तळहाताएवढा ब्लाऊज तयार झाला, एक खांदा वर, एक खाली.

पोरीबरोबर मी केलेली ती पहिली वस्तू. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. आणि लगेच तुमचा राग आला. ही मजा तुम्ही एकटीनं घेत होता आणि एकदाही म्हणाला नाहीत, अश्विने, तू पण चल. म्हणाला असता तर मी झोप सोडून आले असते का? बहुतेक नसते आले. तरी म्हणायचं होतं.

राग राग करते आहे खरी. पण त्या सगळ्या रविवारी मी पाय पसरून झोपले ते तुमच्या जिवावर. उठायची तेव्हा घर शांत असायचं, दारात तुमच्या दोघींच्या चपला नसायच्या, आणि मला माहीत असायचं की पोर सुखात आहे. एवढं निर्धास्त मला माझ्या माहेरीही वाटलं नाही. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

आता गेल्या रविवारचं. विमान बघायला गडमुडशिंगीला जायचं ठरलं. विमानतळाच्या भिंतीकडेनं रस्ता जातो, तिथं तुम्ही दोघी भडंग खात बसायचात, ती जागा सईनंच दाखवली. ब्लाऊज तिच्या मुठीत होता. तिथं मोकळं आहे, आत्ती नक्की येते, तिथंच घालून बघू, असं बसमध्ये सारखं चाललं होतं. मी हूं हूं करत होते.

खांबाखाली कावळा मरून पडला होता. तारेचा धक्का बसला असणार. वर तारेवर, भिंतीवर, बाभळीवर कावळेच कावळे जमून नुसता कलकलाट चालला होता. सईनं माझा हात सोडला. जवळ जाऊन उकिडवी बसली. 

"मम्मी, आत्ती मेली?"

सोपा रस्ता समोर होता. हा दुसराच कुणीतरी आहे, आत्ती ती बघ, वर बसली आहे. एवढं म्हटलं की संपलं, रविवार वाचला. ते म्हणायला मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल थांबली. वयस्कर माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. काय झालं पावणं, पोरगी पडली काय, त्यानं विचारलं. माझी आत्ती मेली, सई म्हणाली. तो बिचारा गडबडला, इकडं तिकडं बघायला लागला, माणूस कुठंच दिसेना. मग तिचं बोट कुठं आहे ते त्यानं बघितलं. अगदी हळू आवाजात म्हणाला, बाळ, त्यो कावळा हाय. सईनं त्याच्याकडं मान वळवलीही नाही. ती माझ्याकडं बघत होती. मी काय म्हणते तेवढंच तिला हवं होतं.

"कावळाच हाय त्यो," मी म्हणाले. "आत्ती कावळा न्हवती. आत्ती मेली, सई. ताप आलता, तवाच मेली. आता यायची न्हाई."

हा शब्द तुमच्यासाठी मी पहिल्यांदा तोंडातून काढला. इतके दिवस सगळ्यांना 'गेल्या' म्हणत होते, जशा काही आजऱ्याला गेलाय आणि काजू घेऊन परत येणार आहात.

तिनं मला मारलं. मुठी आवळून, मांडीवर, पोटावर, हाताला लागेल तिथं. मी मारू दिलं. मग दोघी रस्त्याच्या कडेला मातीत बसून मोठ्यानं रडलो. रक्षाविसर्जनाला मला नीट रडताच आलं नव्हतं. डोक्यावरून विमान गेलं, आम्ही वर बघितलं नाही. तो दूधवाला गेला नाही. गाडी स्टँडला लावून जरा लांब, पाठ करून उभा राहिला. आम्ही थोड्या शांत झाल्यावर म्हणाला, कुत्री वडून न्हेतील पावणं, पुरूया त्येला. टाचेनं माती उकरली, खड्डा केला. ब्लाऊज कावळ्याच्या अंगात जाईना. सईनं जोर केला नाही. नुसता त्याच्यावर पांघरला, आणि वर माती लोटली. तो माणूस जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला. त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.

परतीच्या बसमध्ये ती विचारत होती आणि मी सांगत होते. दुखलं का? थोडं दुखलं. अंधार हुता? नाही, दिवस होता. तिला आता भूक लागती? नाही, लागत नाही. तुमच्यासारखं, एकेक, सरळ. आडवळणाला गेले नाही, वळसा घातला नाही. मग तिनं विचारलं, "ती मेली त्ये तिला कळलं का?" मी म्हणाले, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, वन्सं. तुमचा हात माझ्या हातात होता आणि तरी माहीत नाही. बाकी सगळ्याचं उत्तर तुमच्याजवळ असायचं, एवढं तरी सांगून जायचं होतं.

त्यानंतर आठवडाभर तिनं तुमचं नाव काढलेलं नाही. शाळेत जाते, येते, जेवते. गच्चीवर आज्जीबरोबर गेली नाही. आईंनी मला धारेवर धरलं, पोरीचं सुख तुला बघवलं न्हाई म्हणाल्या.  आता त्या माझ्याशी बोलत नाहीत, जे काय सांगायचं ते गच्चीवर जाऊन सांगतात. सांगोत. त्यांची लेक आहे. त्यांचा कावळा काढून घ्यायला मी कोण? पण काल रात्री तुमचा भाऊ म्हणाला, उद्या जायचं का गं सई? तर ती नुसती रंगाच्या पेटीतले खडू काढत आणि घालत बसली. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. बरोबर केलं की चूक, हे तुम्हाला विचारत नाही. तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. तुम्ही म्हणणार ते ऐकायला येत नाही, एवढाच त्रास आहे.

पलंग वाजला.

आली. केस पिंजारलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. मशीनपाशी येऊन उभी राहिली. कागदाकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. तिनं विचारलं, आत्तीसाठी रडतीस? मी म्हणाले, व्हय.  मोरीत गेली. पाणी सांडल्याचा आवाज आला, तांब्या पडल्याचा आवाज आला. मी उठले नाही, लिहीत राहिले, हात थांबवला तर काय होईल कोण जाणे.

हे आता उभ्या उभ्याच लिहिते आहे. तिनं फ्रॉक उलटा घातलाय, चपला घातल्यात, आणि पिशवी दोन्ही हातांनी उचलून दारात उभी आहे. म्हणते आहे, "चल की मम्मी. आज खिडकीला तू बस. मी लई बघितलंय."